मानाची बाजू

आमच्या गावच्या बोटीला सोनार बसवायचं ठरलं तेव्हा पंचायतीच्या पायरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "बोटीला सोनार कशाला रं? बुडताना दागिनं मोडायला?" सगळे हसले, मीही हसलो. मग सोनार म्हणजे काय ते समजावून सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. गोव्यात बोटींच्या इंजिनांत काही वर्षं हात काळे करून आलेला गावात मी एकटाच. मी महांतेश. जयसिंगपुरात पंप आणि ओबीएम, म्हणजे बोटीच्या पाठीला लावायचं इंजिन, दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. घर मात्र गावात, कृष्णेच्या काठाला. मोठ्या पावसात आमचं गाव बेट होतं, तेव्हा टीव्हीवाले येतात. एरवी कुणी येत नाही, एसटीसुद्धा मनात आलं तरच येते.

"बुडाशी एक सेन्सर असतो," मी पायरीवर उभा राहून सांगितलं. "तो खाली पाण्यात हाक मारतो. हाक तळाला आपटून माघारी येती. किती वेळानं आली त्यावरनं खाली पाणी किती हाय त्याचा आकडा पडद्यावर दिसतो."

"म्हंजे आपण हिरीत तोंड घालून आरडतो तसं?"

"व्हय, तसंच. पण उरसाच्या गर्दीत कुणाला हाक मारली तर ऐकू येती का? न्हाय. पाण्यातले बुडबुडे म्हंजे ती गर्दी. सेन्सर बुडबुड्यात गावला की बहिरा झाला."

एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळा प्रश्न जागेचा. आमच्या इंजिनाचा पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. उजवीकडे पाती खाली जातात, डावीकडे वर येतात आणि येताना सगळा फेस ढवळून आणतात. म्हणून सेन्सर उजवीकडे बसवायचा, पंख्यापासून लांब, पुढच्या बाजूला रिव्हेटची ओळ नाही अशा जागी आणि बोटीच्या बुडापेक्षा किंचित खाली. बोट उभी असली तर कुठेही लावा, आकडा येतोच. खरी परीक्षा बोट पळायला लागल्यावर असते.

मी एक अख्खा रविवार त्यात घातला. जागा शोधली, भोकं पाडली, सील भरलं, वायर वरून नेऊन चालवणाऱ्याच्या पुढ्यात पडदा लावला. मग नेमगोंडाला बोलावलं. नेमगोंडा माझा शाळेपासूनचा मित्र आणि गावच्या बोटीचा ड्रायव्हर. ऊस आणि बोट सोडून त्याला तिसऱ्या गोष्टीत रस नाही. आम्ही नदीत बोट सोडली, त्यानं इंजिन शेवटपर्यंत पिळलं, आणि आकडा एकदाही अडकला नाही. तळ वर आला की आकडा कमी, तळ खाली गेला की जास्त. नेमगोंडा खूश.

"लै भारी काम केलास गड्या. आता डोळं झाकून पळीवतो बघ."

"डोळं उघडं ठेव आणि आकडा बघ," मी म्हणालो.

घाटावर माझी आई उभी होती. शांतव्वा. आम्ही लिंगायत, तिचं माहेर पलीकडे कर्नाटकात. जगाशी ती मराठी बोलायची आणि जीव घाबरला की कानडी. बोट एवढ्या जोरात जाताना बघून ती "इल्ली बा, इल्ली बा" म्हणून ओरडत होती. इकडे ये, इकडे ये. बायको शांभवी तिच्या शेजारी पदर तोंडाला लावून हसत होती. "आलोच की अव्वा," मी बोटीतून ओरडलो. मला आईचा राग आला होता. घोड्याएवढ्या पोराला गावासमोर असं बोलवायचं असतं का?

त्यानंतर लोकार्पण आलं. आमच्याकडे वस्तू नुसती वापरायला सुरुवात करत नाहीत, तिचं लोकार्पण करतात. बोट अमरसिंह साहेबांच्या प्रयत्नातून आली होती, असं स्वतः साहेबच सांगत होते. साहेब आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. माणूस तोंडानं गोड, लग्नाला येतो, मयताला येतो, कुणाच्या दारात गेला तर चहा नाकारत नाही. मला त्याचा राग करायला आधी काही कारण नव्हतं, हे मी कबूल करतो.

लोकार्पणाच्या दिवशी दुकान बंद करून मी घाटावर गेलो तर बोटीच्या पाठीवर उजव्या बाजूला ताटाएवढी स्टीलची पाटी. वर पितळी अक्षरात साहेबांचं नाव, मागे मा., पुढे कंसात 'बाबा', खाली 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'. आणि माझा सेन्सर उपटून डावीकडे इंजिनाला खेटून लावलेला. तोही बुडाच्या वर, कारण लावणारा फ्लेक्सवाला होता आणि त्याला तो तिथेच सोपा पडला होता. माझी भोकं पाटीनं झाकली होती.

"ह्ये कुणी केलं?"

बोटीसाठी गावानं केलेल्या समितीत मीही होतो; त्यातल्या एकानं मला बाजूला घेतलं. "आरडू नगंस. साहेबांच्या नावावरनं तुझी वायर जात हुती. फोटोत नावावर काळी रेघ याय लागली."

"मग पाटी डावीकडं लावायची."

मी आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं, इतकी सगळ्यांची तोंडं पडली. उजवी बाजू मानाची. जेवताना उजवा हात, देवाला उजवी घालायची, उंबरा ओलांडायचा तो उजव्या पायानं. साहेबांचं नाव डावीकडे? आणि तेही लोकार्पणाच्या दिवशी? एक बाई मला म्हणाली, "महांतेश, शिकलेला हाईस, तोंडाला येईल ते बोलू नगंस."

साहेब आले. नारळ फुटला. बोट घाटाला बांधलेलीच होती. साहेबांनी पडद्याचं बटण दाबलं, आकडा आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. उभ्या बोटीत आकडा येणारच! साहेबांनी मला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला, फोटो काढला, आणि भाषणात 'आपल्या गावचा सोनार' म्हणून माझं नाव घेतलं. लोक खूप हसले.

फोटोचा कार्यक्रम आटोपल्यावर मी साहेबांना आणि समितीला बोटीत बसवलं आणि नेमगोंडाला म्हणालो, पळव. बोट पळायला लागली तसा आकडा आधी लुकलुकला, मग एका जागी अडकला. ह्या यंत्राची हीच खोड आहे. तळ सापडेनासा झाला की ते शेवटचा आकडा धरून बसतं, नुसतं लुकलुकत राहतं. खाली पाणी गुडघाभर असो की पुरुषभर, पडद्यावर तोच आकडा.

"बघितलं का? आता खाली खडक आला तरी ह्याला कळायचं न्हाय."

साहेब शांतपणे म्हणाले, "पुराच्या पाण्यात येवढं पळवायचंय कशाला, पावणं? सावकाश चालवा की. माणसं हायत बोटीत, उसाच्या मोळ्या न्हाईत." मला, माझ्याच गावात, पावणं. परत सगळे हसले. आमच्या गावाला हसायला फार लागत नाही.

मी पान्हा काढला. समितीतल्या दोघांनी माझा हात धरला. साहेबांच्या नावाला हात लावायचा नाही. पाटी हलवायची तर ग्रामसभेत ठराव घ्यायला हवा, आणि ग्रामसभा पुढच्या महिन्यात. मी वाकडंतिकडं बोललो. माझी जीभ काही चांगली नाही. साहेबांच्या तोंडावर म्हणालो की तुमच्या नावापायी एक दिवस माणूस मरंल. साहेब हसतमुखानं गाडीत बसले. दुसऱ्या दिवसापासून मी समितीतून बाहेर.

ग्रामसभा झालीच नाही. त्याआधी गगनबावड्याकडे पावसानं जो जोर धरला तो सोडला नाही, आणि चार-दोन दिवसांत नदीचं पाणी वेशीत आलं. नेहमीची पळापळ झाली. जनावरं हलली, निम्मं गाव हललं. आमचं घर उंचावर, त्यामुळे आम्ही राहिलो. नेमगोंडा दिवसभर बोटीच्या फेऱ्या मारत होता. पाणी भरपूर खोल होतं, बोट सावकाश चालत होती, आणि आकडा इमानदारीत दिसत होता. समितीतले लोक मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "काय बिघडलंय सोनाराचं?"

मग पाणी उतरायला लागलं. पूर चढताना माणूस घाबरतो, पण बोटवाल्याला खरी भीती उतरत्या पाण्याची. काल ज्या वाटेनं बोट बिनघोर गेली तिथे आज बांधाचं टोक पाण्याखाली वीतभर उरलेलं असतं, आणि वरून सगळं तांबडं पाणी सारखंच. आमच्यात आणि जयसिंगपूरच्या कोरड्या रस्त्यामध्ये उसाची रानं होती, ओढा होता आणि नव्या रस्त्याचा भराव होता. भरावाची चढण हळूहळू येते. आकडा बरोबर असेल तर ती आधी कळते, आणि ड्रायव्हर बोट वळवून मोरीसाठी भरावात अजून मोकळ्या सोडलेल्या खोल वाटेवर घेतो.

त्या दिवशी सकाळी अव्वानं चुलीसाठी परसातल्या जळणात हात घातला. गॅस संपला होता आणि तिला माझ्यासाठी भाकरी करायची होती. मी तिला सांगितलं होतं की बिस्किटं खाऊ. तिनं ऐकलं नाही. जळणात नाग होता. पुरात त्यालाही कोरडी जागा हवीच की.

तिनं आरडाओरडा केला नाही. आत आली, हात पुढे केला आणि म्हणाली, "म्हांत्या, ह्ये बघ." मनगटाजवळ दोन टिपके. शांभवीनं हाताला फळीचा आधार देऊन फडकं गुंडाळलं, मी नेमगोंडाला फोन लावला. तो आला तोवर अव्वाच्या पापण्या जड झाल्या होत्या. रुग्णवाहिकेलाही फोन केला होता; पलीकडे रस्त्यावर येऊन थांबतो म्हणाले. मधलं पाणी तेवढं आमचं आम्ही कापायचं होतं.

आम्ही तिला बोटीत निजवलं, शांभवीच्या मांडीवर डोकं ठेवून. मी तिचा हात धरला. नेमगोंडानं माझ्याकडे बघितलं.

"पळीवतो."

"पळीव."

उसाच्या शेंड्यांवरून बोट सुटली. आकडा लुकलुकला आणि अडकला. नेमगोंडा त्याच्याकडे बघतच नव्हता, तो अंदाजानं चालला होता, आणि अंदाज काल बरोबर होता. धाडकन आवाज झाला. इंजिन वर उसळलं, आम्ही सगळे पुढे फेकले गेलो. भरावाला पंखा घासला होता. पडद्यावर अजून तोच आकडा, दोन पुरुष पाणी असल्याचा. नेमगोंडानं रडव्या आवाजात शिवी घातली. पंख्याचं एक पातं चेपलं होतं, पण इंजिन चालू झालं.

"आता हळू घ्याय पायजे," तो म्हणाला. "आणि एकदा आपाटलं तर इंजिन गेलं. मग वाहत नदीत."

हळू. साहेबांनी सांगितलं होतं तसं सावकाश. अव्वाच्या घशातून घरघर येत होती. तिची जीभ जड झाली होती आणि तिला माझं नाव नीट घेता येत नव्हतं.

मी तिचा हात सोडला.

पान्हा बोटीतच होता. मी बोटीच्या पाठीशी कडेवर पालथा पडलो, डावीकडचा सेन्सर काढला, बोटीतल्या बांबूच्या टोकाला ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधला आणि बांबू उजवीकडून पाण्यात घातला. साहेबांच्या पाटीवरून. पाटीची कड माझ्या दंडात घुसत होती. सेन्सर बुडाच्या जरा खाली, सपाट, हलता कामा नये. पाण्याचा मार एवढा की दोन्ही हातांनी, छातीनं, हनुवटीनं तो बांबू दाबून धरावा लागत होता. मी ओरडलो, "पळीव!"

"आकडा आला रं! आला!" नेमगोंडा ओरडला, आणि बोट पुन्हा उडाली. भरावाची चढण आली की तो वळायचा, मोरी शोधायचा, पुन्हा सरळ घ्यायचा. पूर्ण वेगात. माझं काम बरोबर होतं. जे मी पहिल्या रविवारी करून ठेवलं होतं तेच मी आता हातानं धरून बसलो होतो.

इंजिनाच्या आवाजात मागून शांभवीचा आवाज आला. "अहो, अव्वा बोलवाय लागल्यात."

मग मलाही ऐकू आलं. "इल्ली बा." जड, बोबडं. "इल्ली बा, म्हांत्या."

मी मान वळवायचा प्रयत्न केला तर बांबू सरकला आणि नेमगोंडा किंचाळला, "आकडा गेला, आकडा गेला!" मी पुन्हा हनुवटी दाबली. मला फक्त पाटी दिसत होती. एवढ्या जवळून तिच्यावरची अक्षरंही वाचता येत नव्हती.

"आलोच, अव्वा," मी पाण्याकडे तोंड करून ओरडलो. "आलोच की!"

ती आणखी काही वेळ बोलवत राहिली. मग नुसतीच घरघर आली, आणि मग इंजिनाचा आवाज तेवढा उरला. मी सुटून तिच्याजवळ गेलो असतो तर बोट हळू करावी लागली असती, हा हिशेब मला तेव्हाही कळत होता आणि आजही कळतो. पण हिशेब बरोबर असला म्हणून माणूस सुटत नाही. माझ्या आईला मरताना माझा हात पाहिजे होता, आणि माझे दोन्ही हात त्या पाटीवर अडकलेले होते.

आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, श्वास होता. रुग्णवाहिकेत तोही थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी छाती दाबून बघितली, नळी घातली, आणि बाहेर येऊन जे सगळे म्हणतात ते म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. नेमगोंडानं मला मागून कवळा घालून धरलं, आणि तोच रडत होता.

गावची आमची दफनभूमी पाण्याखाली होती. तिला जयसिंगपुरात समाजाच्या जागेत मातीत ठेवलं. माझ्या बापाशेजारी जागा तिनं स्वतः दाखवून ठेवली होती, ती तशीच राहिली.

पाणी ओसरल्यावर वेशीत फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. अव्वाचा फोटो मधे, आधार कार्डावरचा ओढलेला. वर साहेबांचा, हात जोडलेला, तिच्या दुप्पट. दिवसकार्याला साहेब स्वतः आले, सतरंजीवर बसले, डोळे पुसले. मला वाटतं, ते खरंच रडले. हे मला जास्त लागलं.

"तरी बरं, बोट हुती म्हणून दवाखान्यापतोर तरी न्हेता आलं," कुणीतरी म्हणालं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भर बैठकीत सगळं सांगितलं. पाटी, फेस, अडकलेला आकडा, बांबू, अव्वाच्या हाका. कुणी हसलं नाही. साहेब खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "माझं नाव काढा. आजच काढा. काय करायचंय मला नावाचं?"

लोकांनी माना हलवल्या. केवढं मन! मलाही क्षणभर वाटलं, संपलं एकदाचं. शांभवीनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला.

"आणि तिथं," साहेब पुढे म्हणाले, "शांतव्वांच्या नावाची पाटी लावायची. बोटीला त्यांचंच नाव. माझ्याकडनं. ह्याच्यापरास मोठी करू. उजवीकडं, मानानं."

बायका रडायला लागल्या. समितीतल्या एकानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "म्हांतेशा, आईचं सोनं झालं बघ."

एकालाही कळलं नव्हतं. तासभर घसा फोडून मी जे सांगितलं त्यातलं त्यांना एवढंच कळलं होतं, की पाटीवर नाव चुकीचं होतं.

"डावीकडं लावा," मी म्हणालो.

"काय?"

"अव्वाचं नाव डावीकडं लावा. उजवीकडं सेन्सर बसंल."

शांभवीची आत्या ताडकन उठली. "आईचं नाव डाव्या अंगाला? जित्या आईला हात दिला न्हाईस, आता मेल्यावर डावीकडं टाकतोस?" नेमगोंडा मधे बोलायला गेला, त्याला कुणी बोलू दिलं नाही. साहेब हळू आवाजात म्हणाले, दुःखात हाय, जाऊ द्या. मी दुःखात होतोच. पण डोकं ठिकाणावर होतं.

पाटी आली. मोठी, पितळी अक्षरं, 'कै. शांतव्वा', आणि खाली बारीक अक्षरात 'सौजन्य'. मी कुणाला हात लावू दिला नाही. जुनी पाटी काढली तेव्हा तिच्याखाली माझी पहिली भोकं तशीच होती. त्यात सेन्सर बसवला. अव्वाचं नाव डावीकडे, इंजिनाशेजारी, स्वतःच्या हातानं ठोकलं. घाटावर माणसं उभी होती. कुणी नारळ आणला नव्हता.

गावात अजून बोलतात. म्हांत्यानं आईला डावीकडं टाकली. शांभवी एकदा म्हणाली, निदान तुम्ही तरी समजावून सांगा लोकांना. मी किती वेळा समजावू?

पाटी लावली त्याच दिवशी नेमगोंडाला बाजूला बसवून मीच बोट घेतली आणि इंजिन शेवटपर्यंत पिळलं. आकडा एकदाही अडकला नाही. मग मी पहिल्यांदा मान वळवून मागे बघितलं. डाव्या बाजूला पंख्याचा फेस इतका उसळत होता की अव्वाचं नाव त्यात दिसत नव्हतं. ते वाचायचं तर बोट थांबवावी लागली असती, आणि बोट मी थांबवली नाही.